मिठाच्या पाण्यातली पहाट

एका वर्षी आमच्या गावात पहाट करायचं काम माझ्याकडे होतं.

साल १९७९. मी बारा वर्षांचा. गाव फोंडा तालुक्यातलं, आणि देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटक ठरलेलं. त्या वर्षी ‘सौभद्र’ होतं. डाव्या विंगेत प्लास्टिकच्या दोन बादल्या मिठाच्या पाण्यानं भरून ठेवल्या होत्या. प्रत्येक बादलीच्या तळाशी पत्र्याचा एक तुकडा, त्याला वायर. दुसरा तुकडा वरून सुतळीला टांगलेला, त्यालाही वायर. वरचा पत्रा पाण्यात खाली सोडला की दिवा उजळायचा आणि वर ओढला की मंदावायचा. पाणी कोमट व्हायचं, बुडबुडे यायचे. मला रबरी चपला घालून लाकडी फळीवर उभं केलं होतं आणि ‘पाण्याला बोट लावलंस तर पुढचं नाटक वरून बघशील’ एवढंच सुरक्षा-प्रशिक्षण मिळालं होतं. आज कुठल्याही आईनं पोराला त्या बादल्यांच्या दहा पावलांवर येऊ दिलं नसतं.

डावी बादली रुक्मिणीच्या महालातल्या पिवळ्या दिव्याची. उजवी, पडद्यावरच्या खिडकीमागे लाल जिलेटिन कागद लावलेल्या बल्बची. ‘प्रिये पहा’ या पदात कृष्ण ‘दीपतेज मंद होत’ म्हणाला की डावा हात वर घ्यायचा आणि ‘अरुण’ शब्द आला की उजवा हात हळूहळू खाली सोडायचा. तालमीत हे मला चोख जमलं होतं.

तालमीत एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. वन्स मोअर आला तर काय करायचं?

कृष्णाच्या भूमिकेत माझे काका होते. रात्री साडेदहाला सुरू झालेलं नाटक या पदापर्यंत आलं तेव्हा तीन वाजून गेले होते. ‘प्रिये पहा’ संपलं, माझी पहाट छान झाली, खिडकी लाल झाली, आणि मांडवातून आरोळी उठली. काकांनी मान झुकवली, पेटीवाल्यांकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं: ‘रात्रीचा समय सरुनि येत उषःकाल हा’. मी बघतच राहिलो. उषःकाल तर होऊन गेला होता. विंगेतून कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलं, ‘‘अरे, रात्र कर, रात्र!’’ मी घाईघाईनं लाल पत्रा वर ओढला, पिवळा खाली सोडला, आणि द्वारकेत परत रात्र झाली. त्या रात्री मी चार वेळा उजाडवलं. तिसऱ्या खेपेला हात इतके भरून आले होते की अरुण अंमळ लवकर आला. कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं. ते अजिबात न चुकता गात होते, पण माझ्याकडे एक डोळा वटारलेला होता.

एखादं पद आपल्याला कुठून भेटतं, त्यावर ते आपल्याला काय वाटतं हे बरंच ठरत असावं. हे पद मला विंगेतून भेटलं. गळ्यापेक्षा त्यातले शब्द माझ्याकडे आधी आले, कारण शब्दांवर माझा क्यू होता. म्हणून आजही ‘प्रिये पहा’ कुणी कसं गायलं यावर लोक बोलतात तेव्हा माझं मन त्यात काय काय सांगितलंय याकडेच वळतं.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ आणलं आणि मराठी संगीत नाटकाची वाट पडली. ते कालिदासाचं. त्यानंतर दोन वर्षांनी, १८८२च्या नोव्हेंबरात, ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक पुण्यातच रंगमंचावर आले. पूर्ण नाटक पुढच्या वर्षी. हे त्यांचं स्वतःचं. कथा महाभारतातली, पण घर आपल्याच आळीतलं. बलरामदादांनी धाकट्या बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, बहिणीचं मन अर्जुनावर आहे, आणि मधला भाऊ वरवर ‘दादा म्हणतील तसं’ म्हणत आतून सगळी सूत्रं हलवतोय. अर्जुन संन्याशाच्या वेशात येऊन राहतो, घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो, पण हे सगळं चाललेलं असतं एखाद्या लग्नघरातल्या कुजबुजीसारखं. किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, १८४३चा. भोवती कानडी मुलूख. कीर्तन, लावणी, साकी, दिंडी, कर्नाटकी चाली, जे कानावर पडलं होतं ते सगळं त्यांनी नाटकात घातलं. ‘सौभद्र’मध्ये शंभरावर पदं आहेत. नंतर फक्त दोनच वर्षं त्यांच्या हाती होती. १८८५ साली, बेचाळिसाव्या वर्षी ते गेले, ‘रामराज्यवियोग’ अपुरं टाकून.

आता गंमत बघा. ‘सौभद्र’ ही अर्जुन आणि सुभद्रेची प्रेमकथा. नावच सुभद्रेवरून. पण या नाटकातलं प्रेमाचं पद आठवायला सांगितलं तर लोक कुठलं गुणगुणतात? ‘नच सुंदरि करू कोपा’. नाहीतर ‘प्रिये पहा’. दोन्ही कृष्णानं रुक्मिणीसाठी म्हटलेली. म्हणजे ज्यांचं लग्न व्हायचंय ते जोडपं विरहात झुरतंय, रागावतंय, शेला अंगावर घेऊन रडतंय, आणि प्रेमाची खरी मैफल जमवलीय ती मुरलेल्या नवरा-बायकोनं.

बरं, रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाआधीची ओढ मराठी रंगभूमीवर गाजली ती खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’मध्ये, १९१६ साली. संसार आधी झाला आणि प्रेमात पडणं चौतीस वर्षांनी! बालगंधर्वांची रुक्मिणी ‘नरवर कृष्णासमान’ म्हणत कृष्णाला मनात वरत होती, तेव्हा ‘सौभद्र’मधली रुक्मिणी गेली जवळजवळ तीन तपं त्याच्याशी भांडत होती.

त्या भांडणाचं पद आधी घेऊ. रात्री कृष्ण महालात येतो, बऱ्याच दिवसांनी. रुक्मिणी फुरंगटलेली. तो समजूत घालतो: ‘नारी मज बहु असती, परि प्रीति तुजवरती’. रुसलेल्या बायकोची समजूत काढायला याहून घातक ओळ आजवर कुणी लिहिली नसेल. आमच्या मांडवात या ओळीला बायकांच्या बाजूनं हमखास हशा यायचा, आणि पुरुषांच्या बाजूनं थोडा उशिरा. मग तो स्वतःसाठी शिक्षा सुचवतो. हातांच्या पाशात बांध, केस धर, गालावर दातांचे व्रण कर. पुढची ओळ मी इथे देत नाही. संगीताच्या क्लासात मुलींना हे पद शिकवतात तेव्हाही ती बहुतेक गाळलेलीच असते. ही शिक्षेची यादी थेट जयदेवाकडून आली आहे हे मला फार उशिरा कळलं. ‘गीतगोविंदा’त रुसलेल्या राधेला कृष्ण हेच म्हणतो: ‘घटय भुजबन्धनं जनय रदखण्डनम्’. भुजांनी बांध, दातांनी चाव. किर्लोस्करांनी राधेचं देणं रुक्मिणीला पोचतं केलं. चोरटं प्रेम उचललं आणि घरच्या देवघरासमोर आणून ठेवलं. हे करताना त्यांना हसू आलं असणार अशी माझी खात्री आहे.

आणि मग रात्रीच्या शेवटी ‘प्रिये पहा’.

हे पद मी गेल्या चाळीसेक वर्षांत शेकडो वेळा ऐकलंय, आणि त्यात प्रेमाचा शब्द फक्त एक आहे. पहिला. ‘प्रिये’. त्यानंतर तिच्या डोळ्यांचं वर्णन नाही की केसांचं नाही. तिची स्तुती नाही, त्याची तगमग नाही. आधीच्या पदात जो माणूस ‘दंड कर’ म्हणत होता तो आता तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘पहा’ म्हणतो, आणि जे दिसतंय ते एकेक करून दाखवत जातो.

थंडगार वारा सुटलाय. दिव्याचं तेज मंद झालंय (माझा डावा हात). ‘दिग्वदने स्वच्छ करित अरुण पसरि निज महा’, म्हणजे दिशांची तोंडं धुवत अरुण आपलं तेज पसरतोय. या ‘महा’शी गायक फार खेळतात, आणि त्यातल्या काहींच्या गाण्यावरून वाटतं की त्यांना तो ‘महा’राजातला महा वाटत असावा. तो संस्कृत ‘महस्’ आहे, तेज. पण मला आवडते ती तोंडं धुण्याची कल्पना. घरातली कर्ती बाई पोरांना ओळीनं मोरीवर उभं करून एकेकाचं तोंड खसाखसा पुसते तसा हा अरुण दहा दिशांना धरून बसलाय. पहाटेच्या वर्णनात इतकं घरगुती काम माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पुढचं कडवं बहुतेक जण गाळतात. पक्ष्यांचा शब्द, भुंग्यांचा गुंजारव, ठीक आहे, तो पहाटेचा ठरलेला सरंजाम. पण त्यानंतर तीन शब्द येतात: ‘विरलपर्ण शाखि होति’. झाडं विरळ पानांची होतात.

मी हे बारा वर्षांचा असताना पाठ केलं आणि मला वाटलं, पानगळ. पहाटेच्या गाण्यात पानगळ कशाला, असंही वाटलं. पेटीवाल्या मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘तू दिवा सांभाळ.’’ अर्थ लागला तो दोन-तीन वर्षांनी, काकांबरोबर कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, पाणी लावायला गेलो तेव्हा. उन्हाळ्यात काका उजाडायच्या आधी जायचे. माडा-पोफळींत शिरलं की समोर एक काळा ढीग असायचा. झाड असं वेगळं नसायचंच. फणस, आंबा, जायफळ, सगळं एकाच डांबराचं. मी पाटात पाय सोडून बसायचो. हळूहळू त्या ढिगात भोकं पडायला लागायची. आधी चार, मग वीस, आणि मग एकाएकी लक्षात यायचं की पान आणि पान यांच्यामध्ये आकाश आहे. झाडाची पानं काही कमी झालेली नसायची. उजेड त्यांच्यामध्ये शिरलेला असायचा, एवढंच. विरलपर्ण! हे काही ग्रंथांतून येत नाही. यासाठी माणसाला रात्र संपताना एका झाडाखाली, काही न करता, बसून राहावं लागतं. किर्लोस्कर सरकारी कचेरीत नोकरी करून नाटकं करणारे गृहस्थ, तालमी संपवून पहाटे घरी परतत असतील. कुठल्यातरी झाडाखाली थांबले असतील. मला त्या एका समासासाठी त्यांचे पाय धरावेसे वाटतात, आणि तेच कडवं गाळणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

तिसऱ्या कडव्यात पद निराळ्याच पायरीवर चढतं. सुखदुःख विसरून जे विश्व लयाला गेलं होतं, तेच आता आपली स्थिती परत घ्यायला उठलंय, ‘अहा!’ झोप म्हणजे रोजचा छोटा प्रलय, हा विचार वेदांतातला. पण ‘सुखदुःखा विसरुनिया’ गेलेलं जग उठतं ते पुन्हा त्याच सुखदुःखात हे कृष्णाला पक्कं माहीत आहे. बहिणीच्या लग्नाचा घोळ उशाशी आहे, दादा संतापलेले आहेत, दिवसभर खोटं बोलायचंय. तरी तो म्हणतो ‘अहा’. ‘पहा’पासून निघालेलं यमक ‘हा’, ‘महा’, ‘जलरुहां’ असं फिरत शेवटी या ‘अहा’वर येऊन टेकतं. त्या जागी गायकनट छोटा गंधर्व काय करायचे ते शब्दांत सांगणं अवघड आहे. त्यांचा कृष्ण मी रंगमंचावर पाहिला नाही, ध्वनिमुद्रण ऐकलं. पण तो आवाज रुक्मिणीला उठवत नाही हे कळतं. ती जागी आहे हे त्याला माहीत आहे, इतक्या हलक्यानं तो ‘पहा’ म्हणतो. काही थोर गायक याच ‘पहा’वर तानांचा असा भडिमार करतात की सारी द्वारका उठून बसावी.

सूर देसकार रागाचे. त्या उत्सवात मास्तरांनी मला पेटीवर दाखवलं होतं. सा रे ग प ध, पाचच पट्ट्या. ‘‘हे काय?’’ मी म्हटलं, ‘‘भूप.’’ शाळेत प्रार्थना भूपात होती. ‘‘आणि हे?’’ त्याच पाच पट्ट्या, पण आता ते ‘ग’वर न थांबता ‘ध’वर जाऊन बसत होते, वरच्या अंगाला. अंगावर काटा आला. दिवेलागणीचा वास गेला आणि अंगण शिंपल्याचा आला. ‘‘हा सकाळचा. पट्ट्या त्याच. बसायची जागा वेगळी,’’ मास्तर म्हणाले आणि तंबाखूची चंची शोधायला लागले.

काकांबद्दल थोडं सांगायला हवं. घरात आम्ही कोंकणीच बोलतो, गावात सगळेच. मराठी ही नाटकाची, भजनाची, वर्तमानपत्राची. त्यामुळे रंगमंचावरचा कृष्ण एक भाषा बोलायचा आणि ओसरीवरचे काका दुसरी, तीही मोजून. काका आणि काकी एकमेकांशी गप्पा मारताहेत असं दृश्य मी पाहिलेलं नाही. नाटकानंतर आठवडाभर बायका काकीला चिडवायच्या, ‘‘भाग्यवान गो तू, रोज असं उठवतात की काय?’’ काकी एकदाच बोलली. ‘‘मला? चारला उठून चूल मी पेटवते. चहा झाला की यांना हाका मी मारते. तिसऱ्या हाकेला उठतात. रुक्मिणीला काम नसेल.’’

यावर काय बोलणार? शंभर वर्षांत या पदावर इतकी चोख टीका कुणी केली नसेल. पहाट कुणी कुणाला दाखवली असेल खरोखरच्या घरांतून, याचा हिशेब मांडला तर किर्लोस्करांची बाजू पडतीच आहे.

पण मी आणखी एक पाहिलं होतं, आणि ते मला तेव्हा पदाशी जोडता आलं नव्हतं. काका कुळागरातून परतले की मागच्या दारी उभे राहायचे, आत यायचे नाहीत. तिथूनच म्हणायचे, ‘‘पळय गो.’’ एवढंच. कोंकणीत ‘पळय’ म्हणजे बघ. काकी हात पुसत बाहेर यायची. कधी जायफळाच्या झाडावर धनेशाची जोडी असायची. कधी सापाची अख्खी कात, काडीवर अलगद धरलेली. एकदा तर नुसताच पाऊस होता. पहिला नव्हे, जुलैतला, रोजचा. ‘‘पळय गो, पावस आयलो.’’ काकीनं पाहिलं, ‘‘हूं’’ म्हटलं आणि आत गेली. काका आणखी थोडा वेळ उभे राहिले. दोघांच्या दिवसभरातलं बोलणं बहुधा तेवढंच.

काका जाऊन आता नऊ वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात फोंड्यात एका सभागृहात ‘सौभद्र’ लागलं होतं, तर काकीला घेऊन गेलो. ती ऐंशीच्या पुढची. आता प्रयोग तीन तासांत बसवतात, साडेसहाला सुरू, साडेनऊला राष्ट्रगीत नसलं तरी दारं उघडी. कृष्ण तरुण होता, गोड गळ्याचा, तयारीचा. ‘प्रिये पहा’ सुरू झालं तेव्हा मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं. भूपाच्या वेळेला देसकार. बाहेर मासळीबाजाराकडच्या रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत होते.

प्रकाशयोजना कॉम्प्युटरवर असावी. मागचा पडदा जांभळा, मग गुलाबी, मग केशरी झाला, इतका सुबक की मला माझ्या लाल जिलेटिनची लाज वाटली. पहिलं कडवं झालं. दुसरं अर्थातच गाळलं. तान घेऊन तो तरुण सरळ ‘सुखदुःखा’वर गेला. आणि शेजारून, एक मात्रा मागे, अगदी बारीक आवाजात मला ऐकू आलं: ‘‘विरलपर्ण शाखि होति.’’ काकी पुढे बघत होती. तिला हे पद पाठ आहे हे मला छप्पन्न वर्षांत माहीत नव्हतं. तालमी आमच्याच ओसरीवर व्हायच्या आणि चहा तीच द्यायची, हे मी विसरलो होतो.

टाळ्या पडत होत्या. काकीनं मला कोपर लावलं आणि हनुवटीनं रंगमंचाकडे खूण केली. सगळी द्वारका केशरी झाली होती, आणि महालातली समई कुणीही न मालवल्यानं भर उजेडात तशीच ठणठणीत जळत होती.

‘‘पळय,’’ ती म्हणाली, ‘‘दिवो तसोच उरलो.’’

माझा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून वीतभर वर उचलला गेला होता.